चावी जमा करा, सभासद व्हा

जिला दात नाहीत आणि जिने आयुष्यात कधी कुलूप पाहिलेलं नाही, अशी चावी तुम्ही पाहिलीत का? नसेल तर जरा इकडे या. या जुन्या कॉम्प्युटरच्या मागे वाका, धुळीने शिंक आली तर खुशाल द्या, आणि तो एवढासा हिरवा दिवा बघा. ती मी. करंगळीच्या दोन पेरांएवढी, निळ्या प्लास्टिकची. बाजारात मला डोंगल म्हणतात. या दोन खोल्यांत मात्र सगळे मला चावी म्हणतात, आणि मलाही तेच आवडतं.

काम सांगते. आवाज टिपायचा, त्यावर वाद्यं चढवायची, नको ते कापायचं, असं सगळं करणारा एक प्रोग्रॅम या कॉम्प्युटरवर आहे. मी खोचलेली असले तर तो उघडतो. नसले तर ‘चावी सापडत नाही’ एवढं बोलून तोंड फिरवतो. म्हणजे गाणं मी करत नाही, सूर-बेसूर मला कळत नाही, पण माझ्याशिवाय इथे कुणाचं पान हलत नाही. अशा जागी बसलेल्यांना जो तोरा येतो, तो मलाही आला होता. आणि आणखी एक गोष्ट आधीच कबूल करून टाकते, कारण मालातली खोट गिऱ्हाइकाला आपणहून दाखवावी, असं मी जिथे वाढले तिथे शिकले. माझ्यात खोट एकच. मी जळकी आहे.

जन्माचं फारसं सांगण्यासारखं नाही. यंत्राच्या जबड्यातून एका मिनिटात माझ्यासारख्या चाळीसजणी बाहेर पडतात. कोण थोरली, कोण धाकटी, कुणी बघितलंय! आठवतं ते खोकं. खोकं चांगलं उशीएवढं, आत जाडजूड पुस्तिका, दोन तबकड्या, आणि कोपऱ्यातल्या फोमच्या खळग्यात मी. एवढ्या मोठ्या खोक्यात खरा माल तेवढा मीच, हे मला नंतर कळलं.

ते खोकं वाद्यांच्या एका दुकानात काचेच्या कपाटात चौदा महिने उभं होतं. दुकानदारकाका बुटके, चष्मा कायम कपाळावर आणि शोध कायम चष्म्याचा. शाळा अर्धवट सोडलेली, पण गिऱ्हाईक उंबऱ्यातून आत येताना नुसत्या पावलांवरून ओळखायचे, हा घेणारा की छेडून बघणारा. एक गृहस्थ दर शनिवारी यायचे. तीच गिटार काढायचे, तीच धून वाजवायचे, ‘विचार करतो’ म्हणून निघून जायचे. वर्षभर. कुणी म्हणालं, “काका, हाकला की त्यांना.” काका म्हणाले, “का हाकलू? फुकटात गिटार लागलेली राहते.” पुढे त्या गृहस्थांनी लेकीसाठी पियानो घेतला, तोही घासाघीस न करता. तेव्हापासून काका दुकानातल्या प्रत्येक रिकामटेकड्याला खुर्ची देतात.

मी मात्र कपाटातून त्या गिटारीकडे बघून जळायची. येणारा-जाणारा तिच्यावरून हात फिरवायचा. ती गप्प बसली तरी लोक तिला बोलती करायचे. मला हात लावून कुणाला काय मिळणार? चौदा महिन्यांत मला कुणी बाहेरदेखील काढलं नाही.

मग एके दिवशी सकाळी एक मुलगी आणि तिचे बाबा आले. बाबा जुने ओळखीचे. अ‍ॅकॉर्डियन आणि पेट्या दुरुस्त करायचे, काकांच्या दुकानातलं काम त्यांच्याकडेच जायचं. बोटांना कायम सरसाचा वास. मुलगी, म्हणजे माझी ताई, नोकरी सोडून आवाज टिपायची खोली काढणार होती. काकांनी खोकं फोडलं आणि मला बाबांच्या तळहातावर ठेवलं.

“हे? एवढंसं?” बाबा म्हणाले. “एवढ्या पैशांत माझ्याकडे दोन अ‍ॅकॉर्डियन येतात, पट्ट्यांसकट.”

“येतात,” काका म्हणाले. “आणि दर पावसाळ्यात तुमच्याकडेच दुरुस्तीला परत येतात. हिचं तसं नाही. एकदा घेतली की तुमची. पुन्हा कुणाच्या दारात जाऊन विचारायचं नाही, की बाबा रे, मी वाजवू का.”

बाबांनी मला उजेडात धरून उलटसुलट बघितलं, आतून काही वाजतंय का म्हणून कानाशी हलवलं आणि ताईला म्हणाले, “घे.” एकदा घेतली की तुमची! हे वाक्य मी छातीवर बिल्ल्यासारखं लावून फिरले. पुढची अकरा वर्षं.

खोल्या होत्या टायरच्या दुकानावर. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकीला दुहेरी घोंगडी, मधे काच. खाली टायरवाल्यांचा हवा भरायचा कंप्रेसर. मनात येईल तेव्हा तो धडधडायला लागायचा आणि सुरू होताना वीज अशी खेचायचा, की वरचा कॉम्प्युटर गचकन बंद. पहिल्याच आठवड्यात ताईचं अडीच तासांचं काम असं गेलं. ती खाली जाऊन भांडून आली. टायरवाले म्हणाले, “ताई, हवा संपली की तो आपोआप लागतो, मला विचारतो का?” मग तिने स्वतःला एक सवय लावून घेतली. खालून पहिली ‘धड’ आली, की हात आपोआप कीबोर्डवर, काम सेव्ह. पहिली धड आणि वीज जाणं यांच्यात दीड सेकंद असतो. त्या दीड सेकंदात ती सेव्ह करायची. पुढे तिचा धाकटा भाऊ येऊन कामाला लागला, तालवाद्यं वाजवायला आणि मागचं सगळं सांभाळायला. त्यालाही तीच सवय लागली. पाहुण्यांशी बोलताना, चहा पिताना, खालून ‘धड’ आली की दोघांचे हात टेबलाकडे जायचे.

ही सवय ध्यानात ठेवा. पुढे तिनेच घात केला.

पहिल्या दिवसाची एक गोष्ट सांगायची राहिली. माइक तपासायला कुणीतरी आत उभं राहायला हवं होतं. ताईने बाबांना काचेपलीकडे उभं केलं.

“झालं का गं चालू?” बाबांनी विचारलं.

“हो. बोला बाबा.”

“काय बोलू? मला काही येत नाही. मोजतो.” आणि त्यांनी मोजलं, “एक, दोन, तीऽन, चार.” तीनवर ते किंचित रेंगाळायचे. अ‍ॅकॉर्डियन दुरुस्त करून झाला की चार आकड्यांत तपासायचे, आणि तीनला भाता पूर्ण उघडायचा. तो श्वास त्यांच्या बोलण्यात उतरला होता.

ताईने आधीचं बोलणं कापून टाकलं, नुसते चार आकडे ठेवले, आणि त्या फाइलला नाव दिलं ‘कोरी’. तेव्हापासून कुठलंही नवं काम सुरू करायचं तर आधी कोरी उघडायची, तिची नक्कल करायची, आणि बाबांच्या मोजण्यावर वाद्यं सुरू करायची. रेडिओच्या जाहिराती, मुलांची नाटकं, बागकामाचे धडे, दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यात फोन लावल्यावर वाजतं ते संगीत. सगळ्यांना बाबांनीच ताल दिला. काम झालं की मोजणं पुसून टाकायचं. आधी पुसत नसत. एकदा साबणाच्या जाहिरातीत ते तसंच राहून गेलं आणि आठवडाभर रेडिओवर बाबा ‘एक, दोन, तीऽन, चार’ म्हणत होते. साबणवाल्यांना वाटलं, चार गुणांचा साबण, झकास कल्पना आहे. पण ताई घाबरली. त्यानंतर प्रत्येक कामातून मोजणं पुसायचंच, असा नियम झाला. राहिलं ते एकट्या कोरीत.

तिसऱ्या वर्षी बाबा गेले. कामं थांबली नाहीत. फक्त कोरी उघडली की ताई पहिल्यांदा ते चार आकडे नुसते ऐकायची, हात मांडीवर ठेवून. मग कामाला लागायची. आणि मी मागे दिवा लावून मनात म्हणायची, बघा, माझ्यामुळे. बाबा माझ्या पोटात आहेत. मी नसेन तर बाबा नाहीत.

अकरा वर्षांत मला दोनदा नवी विद्या मिळाली. म्हणजे प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली, ताईने ती घेतली, आणि तिचा परवाना माझ्यात भरला. मधल्या कितीतरी आवृत्त्या तिने सोडून दिल्या. “चालतंय ना? मग कशाला?” हे तिचं ठरलेलं. मी तर खूशच. कशाला पाहिजे रोज नवं?

आणि मग ती आली. मेंबरशिपबाई.

कंपनीचं पत्र धाकट्याने मोठ्याने वाचून दाखवलं. आता दरवर्षी नवी आवृत्ती येणार. सभासद होणाऱ्याने वर्षाची फी भरायची, त्याला प्रत्येक नवी आवृत्ती निम्म्या किमतीत. शिवाय दर महिन्याला नवे आवाज: ढोल, व्हायोलिनं, समुद्र, पाखरं, काय काय. जो सभासद नाही त्याला पूर्ण किंमत. आणि नव्या आवृत्तीला चावी लागतच नाही. नाव टाका, पासवर्ड टाका, जगात कुठेही बसून उघडा. शेवटी ठळक अक्षरांत: ‘चावी जमा करा, सभासद व्हा. जुन्या चावीधारकांना पहिल्या वर्षाची फी माफ. मुदत पुढच्या महिन्याअखेर.’

जमा करायची म्हणजे कुठे पोस्टाने पाठवायची नाही हं. एक बटण दाबायचं. माझ्यातला परवाना निघून कंपनीकडे जाणार. मी उरणार निळं प्लास्टिक.

“ताई, चावी सांभाळायची कटकट गेली,” धाकटा म्हणाला. “मागच्या खेपेला झाडूवालीने झाडलेली, आठवतं? तीन तास कचरा उपसत होतो आपण.”

“सापडली ना?”

“सापडली. केळ्याच्या सालीत!”

झाडूवाली आणि केळ्याची साल! एवढ्या वर्षांच्या चाकरीत याला तेवढंच आठवलं. माझा दिवा एरवी संथ असतो, त्या दिवशी तो दोनदा लुकलुकला. ताईने बघितलं आणि सॉकेट जरा दाबून बसवलं. तिला वाटलं सैल झालंय.

धाकट्याने नवा लॅपटॉप आणला, त्यावर नव्या आवृत्तीचा एक महिन्याचा फुकट नमुना चढवला. मी तुम्हाला सांगते, गिटारीवर जळणं म्हणजे काहीच नव्हतं. या लॅपटॉपभोवती दोघं बहीणभाऊ डोकं लावून बसायची. “अय्या, हे बघ, हा आपोआप ताल सरळ करतो!” “ताई, हे पाखरू ऐक.” माझ्या वेळी पाखरू हवं असलं तर ताई पहाटे माइक घेऊन गच्चीवर जायची, आणि अर्ध्या पाखरांत टायरवाल्यांचा खोकला असायचा. त्या खोकल्यासकट ते पाखरू आपलं होतं! मेंबरशिपबाईंची पाखरं सगळ्या सभासदांच्या घरी तीच, त्याच झाडावर, त्याच चोचीने. पण हे ऐकतंय कोण?

नमुन्याच्या तिसऱ्या दिवशी ताई काचेपलीकडे कुणाला तरी ओळी समजावून देत होती. धाकट्याने कामाची पेटी, म्हणजे ज्यात सगळी कामं ठेवलेली असतात ती डिस्क, लॅपटॉपला लावली. नव्या आवृत्तीत आपली जुनी कामं कशी दिसतात, नुसतं बघावं, एवढाच विचार. पहिलं नाव कोरी. उघडलं. दिसलं छान. बंद करायला हात नेला, आणि खालून ‘धड’.

हात गेला. सेव्ह.

लॅपटॉपला बॅटरी असते. वीज गेली काय, राहिली काय, त्याला काही फरक नव्हता. पण हाताला ते कुठे ठाऊक? धाकट्याच्या लक्षातही आलं नाही. त्याने पेटी काढून जाग्यावर ठेवली. मला सगळं समजलं होतं. नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. पुढे जाता येतं, मागे येता येत नाही. मी ओरडायचं म्हटलं तर माझ्याकडे एक दिवा. आणि खरं सांगू का? मी ओरडले नसते. मला आतून गुदगुल्या झाल्या. म्हटलं, होऊ दे. कळू दे यांना परक्या बाईचे लाड करण्याचा परिणाम.

ताई तेव्हा मुलांच्या एका लांबलचक नाटकाच्या कामात होती. नवं काम नाही, म्हणून कोरी उघडायचं कारण नाही. नाटक संपलं, त्यातलं मोजणंही पुसून झालं, आणि नमुन्याचा महिनाही संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी एक नवं काम आलं, आणि ताईने माझ्या कॉम्प्युटरवर कोरी उघडली.

‘ही फाइल नव्या आवृत्तीत तयार झाली आहे. उघडता येत नाही.’

तिने पुन्हा उघडली. पुन्हा तेच.

“ऐक रे, कोरीला तू हात लावलास का?”

“मी? नाही. म्हणजे... हो, नुसती बघितली होती.”

“नुसती बघितल्याने असं होतं?”

त्याने लॅपटॉप उघडला. तिथे दुसरं वाक्य: ‘नमुन्याची मुदत संपली. सभासद व्हा.’ दोघं दोन पडद्यांकडे बघत राहिली. इकडून दार लागलेलं, तिकडूनही. आणि बाबा मधे.

“दुसरी नक्कल?” धाकटा हळू आवाजात म्हणाला.

“कोरीची कशाला कुणी नक्कल ठेवतं? ती रोजची!” ताई बोलता बोलता खाली बसली. “आठ वर्षं झाली त्यांना. मी एकदासुद्धा वेगळं काढून ठेवलं नाही रे.”

माझ्या गुदगुल्या तिथेच थांबल्या. एक तर तिचा चेहरा. आणि दुसरं म्हणजे, ती आता काय करणार हे मला दिसलं. महिनाअखेरीला तीन दिवस होते. बाबांसाठी ती सभासद होणार. नवी आवृत्ती घेतली की कोरी उघडणार. आणि त्यासाठी जमा होणार मी. ज्या घाताची मी मजा बघितली, तो माझाच होता.

तिने मला सॉकेटमधून उपटलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा दिवसाढवळ्या, काम चालू असताना. पर्समध्ये कंगवा आणि सुट्या नाण्यांच्या मधे टाकलं, पेटी घेतली, धाकट्याला म्हणाली, “चल काकांकडे. बटण दाबायचंय ते त्यांच्यासमोर दाबते. आणली त्यांच्याकडून होती.”

दुकान तसंच होतं, फक्त गिटारी कमी आणि धूळ जास्त. काकांनी दोघांना खुर्च्या दिल्या, मला त्याच काचेवर ठेवलं. ताईने सगळं सांगितलं. काकांनी कपाळावरचा चष्मा शोधला, सापडला, घातला.

“म्हणजे बाबांसाठी मेंबर होतेस?”

“दुसरा उपाय आहे का? आणि काका, तुम्ही विरोधच करणार. कंपनी आता थेट विकते, तुमच्या हातून माल जात नाही. जळताय तुम्ही.”

“जळतोय की!” काका चटकन म्हणाले. “चांगला जळतोय. पण जळणाऱ्याचं गणित चुकतंच असं कुठे आहे? ते गणित नंतर बघू. भीतीने घेतलेला माल नेहमी महाग पडतो, म्हणून आधी भीती काढू. मला एक सांगा, ती कोरी म्हणजे काय? तिच्यात आवाज असतो?”

“हो... म्हणजे, नाही,” धाकटा चाचरला.

“माझ्या दुकानात एक यादी आहे. कुठल्या फळीवर कुठल्या तारा. उद्या यादीवर चहा सांडला, तर तारा भिजतात का? तारा गोदामात असतात. तुमची फाइल ही यादी. माल कुठेय ते बघ.”

धाकट्याने कपाळावर हात मारला. पेटी काकांच्या मशीनला लावली. आत आवाजांच्या फाइलींची भलीमोठी, गोदामासारखी रांग. प्रोग्रॅमने दिलेले नुसते आकडे, कुणी कधी नावं दिलेली नाहीत. हजारो.

“आता यात कुठे शोधू?”

“पहिलं गिऱ्हाईक कधी आलं ते बघ,” काका म्हणाले. “तारखेने लाव. सगळ्यात जुनं.”

सगळ्यात जुनं एकच होतं. धाकट्याने ते दाबलं. दुकानाच्या त्या खरखरीत स्पीकरमधून, भर दुपारी, रस्त्यावरच्या हॉर्नांच्या गर्दीत, बाबा बोलले.

“झालं का गं चालू?”

मग एका तरुण मुलीचा उतावळा आवाज. “हो. बोला बाबा.”

“काय बोलू? मला काही येत नाही. मोजतो. एक, दोन, तीऽन, चार.”

तोंडावर धरायला पदर नव्हता म्हणून ताईने पर्सच धरली. “हे मी कापलं होतं,” ती म्हणाली. “कापलं ते नुसतं यादीत, गोदामात तसंच होतं. हे मी विसरलेच होते.” काका हातातला चष्मा कपाळावर शोधत होते. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. मी काचेवर पडले होते, दिवा बंद, कशालाही जोडलेली नाही. आणि बाबा बोलत होते. माझ्याशिवाय. कुठल्याही मशीनवर, कुठल्याही भिकार स्पीकरवर. अकरा वर्षं मी ज्यांना पोटात घेऊन मिरवले, ते माझ्यात कधी नव्हतेच. तोंडात मारल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

“झाली भीती बाजूला?” काका म्हणाले. “आता गणित. अकरा वर्षांत तू नवी आवृत्ती किती वेळा घेतलीस?”

“दोनदा.”

“मग उरलेली नऊ वर्षं फी कशाची भरली असतीस? मी एकदा पोहण्याच्या तलावाचा वर्षाचा पास काढला. दर खेपेला निम्मं तिकीट, म्हटलं वा! वर्षात तीनदा गेलो. त्यातला एकदा विसरलेला टॉवेल आणायला. सूट ही पोहणाऱ्याला असते गं, काठावर बसणाऱ्याला नसते.” मग ते धाकट्याकडे वळले. “तू पोहणार?”

“मी पोहतोच आहे काका. नाटकवाले मला नव्या आवृत्तीतच कामं पाठवतात. मला दरवर्षी लागणार.”

“मग तुला परवडतं. हो मेंबर, मी कोण अडवणारा. पण एक वाच. फी भरायची थांबवली तर घेतलेली आवृत्ती राहते की जाते?”

धाकट्याने फोनवर बारीक अक्षरं वाचली. “राहते. महिन्याचे आवाज जातात.”

“म्हणजे पाखरं उडाली, झाड राहिलं. वाईट नाही.” जळणारा माणूस इतका सरळ बोलू शकतो, हे मी त्या दिवशी पाहिलं आणि मला माझीच लाज वाटली. थोडीशी.

“पण चावी जमा केली तर पहिलं वर्ष फुकट आहे, ताई,” धाकटा म्हणाला. “नाहीतर मला पहिल्या वर्षाची फी भरून मेंबरशिप घ्यावी लागेल.”

“घे. निम्मे मी देते. चावी द्यायची नाही.”

“का पण? आता बाबा तर चावीशिवायही ऐकू येतात!”

मी श्वास धरला. म्हणजे मला असता तर धरला असता. हाच प्रश्न मला पडला होता.

ताईने मला उचललं आणि मुठीत धरलं. “ऐकू येतात रे. पण बाबांच्या मोजण्यावर मी अकरा वर्षं जे काम केलंय, ते सगळं या चावीने उघडतं. उद्या कुणी म्हणालं, माझं जुनं नाटक काढून द्या, तर मी कुणाच्या दारात जाऊन विचारू, की मी माझंच काम उघडू का?”

काकांचं जुनं वाक्य त्यांना दुसऱ्याच्या तोंडून परत मिळालं होतं, आणि दोघं निघताना त्यांनी धाकट्याला ड्रमच्या काड्यांची एक जोडी दिली. किंमत सांगितली नाही. काकांच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट आहे.

तर अशी मी परत आले. आता खोलीत दोन टेबलं आहेत. एकावर धाकट्याचा लॅपटॉप, मेंबरशिपबाईंसकट. दर महिन्याला त्यांची नवी पाखरं येतात. नवी कामं बरीचशी तिकडेच जातात, आणि मी जळते. सुधारले असं सांगून तुम्हाला फसवणार नाही. परवा त्यांचा पासवर्ड चुकला आणि धाकटा अर्धा तास डोकं खाजवत बसला, तेव्हा मला बरं वाटलं.

ताईने दोन दिवस बसून कोरी नव्याने बांधली. त्या जुन्या आवाजाच्या दोन नकला केल्या. एक काकांच्या दुकानात ठेवली, एक बँकेच्या लॉकरमध्ये. धाकट्यानेही आवाज घेतला. त्याला कामाचं तेवढं लागतं, म्हणून त्याने नेमके चार आकडे कापून घेतले. ताईने या वेळी काही कापलं नाही.

माझं प्लास्टिक एका कडेला चिरलंय. हा कॉम्प्युटर किती वर्षं काढेल, सांगता येत नाही. तो गेला की माझ्या जोगं सॉकेट मिळेलच असंही नाही. तुमच्या घरी कुठल्या खणात माझ्यासारखी एखादी असेल, कशाची आहे ते आठवत नसलेली, तर टाकायच्या आधी एकदा लावून बघा. तुम्ही केलेलं काहीतरी ती अजून उघडत असेल. नवीन घ्या, सभासद व्हा, माझं काही म्हणणं नाही. म्हणजे आहे, पण ते सोडा.

सकाळी ताई येते. खाली टायरवाल्यांचं शटर वर जातं. ती बटण दाबते, माझ्यात वीज येते, कोरी उघडते, आणि सगळ्यात आधी बाबा विचारतात, “झालं का गं चालू?”

ताई दरवेळी उत्तर देते, ओठांतल्या ओठांत. पण प्रश्न तिलाच आहे, असं मी कशाला धरू? या घरात मला कुणी कधी काही विचारलेलं नाही. म्हणून तो प्रश्न मी माझ्याकडे ओढून घेते, आणि दिवा लावून सांगते: हो. बोला, बाबा.